गळ्यातील किल्ली

वाचकहो, सणासाठी हैदराबादेहून वा पुण्याहून मैलूरला घरी आलेल्या एखाद्या तरुणाच्या गळ्यात नाव व छायाचित्र असलेले कार्ड आपण पाहिले असेल. वडीलधाऱ्यांना ते केवळ ओळखपत्र वाटते. वस्तुतः ती कचेरीची किल्ली आहे. दारावरील रीडरजवळ ते धरले की कुलूप उघडते.

ह्या कार्डात विजेरी नसते. रीडरभोवती सतत पालटणारे चुंबकीय क्षेत्र असते. कार्डातील तारेच्या वेटोळ्यात त्यामुळे वीज उत्पन्न होते, हे तत्त्व फॅरडेने १८३१ साली दाखविलेच होते. तेवढ्या विजेवर आतील चिप जागी होते नि बोलू लागते.

परंतु ती काय बोलते, ह्यातच सारे इंगित आहे. १२५ किलोहर्ट्झवर चालणारी जुन्या पद्धतीची साधी कार्डे आपला क्रमांक विचारील त्याला उघडपणे सांगून टाकतात. गर्दीत कोणी लहानसे यंत्र जवळ आणले तर तो क्रमांक टिपून घेता येतो व दुसऱ्या कार्डावर उतरवता येतो. मूळ मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. १३.५६ मेगाहर्ट्झच्या नव्या कार्डांपैकी चांगली कार्डे गुप्त संकेताने आधी रीडरची परीक्षा घेतात, मग आपली देतात. 'चांगली' हा शब्द मी मुद्दाम योजला आहे. ह्याच जातीच्या मायफेअर क्लासिक कार्डाचा संकेत फोडता येतो, हे नेदरलँड्समधील नायमेखेन येथील संशोधकांनी २००८ साली सिद्ध केले.

मोठ्या इस्पितळात किंवा वसतिगृहात शेकडो दारे असतात. सारे रीडर एका रात्रीत बदलणे कोणाला परवडणार? म्हणून दुहेरी कार्ड निघाले. त्यात दोन्ही चिपा व दोन्ही वेटोळी असतात. जुन्या दाराशी जुनी चिप बोलते, नव्याशी नवी. कार्डे एकदाच वाटावयाची आणि दारे सवडीने बदलावयाची.

खरी मेख ह्या 'सवडीने'त आहे! आमच्या बीदरच्या किल्ल्याला पठाराच्या बाजूने खडकात तिहेरी खंदक कोरला आहे. पण एखादी खिडकी उघडी राहिली असती तर तो काय कामाचा? पुढील दरवाजाला नवा रीडर बसला आणि मागे औषधांच्या कोठाराला जुनाच राहिला, तर चोर जुन्या चिपेचीच नक्कल करील. कार्ड कितीही नवे असो, त्या दारापुरते ते जुनेच. सबब कोठार, दप्तर, मुलींच्या वसतिगृहाचे दार ही आधी बदलावीत. दर्शनी दरवाजाची शोभा मागाहून. आणि जुने रीडर अमुक महिन्यात काढू, हे कार्डे मागवितानाच ठरवून घ्यावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुहेरी कार्डाचे बहुधा दोन निरनिराळे क्रमांक असतात. कार्ड हरवल्यावर कारकुनाने एकच खोडला, तर दुसरी किल्ली रस्त्यावर चालतीच राहते.