बांधावरची मोजणी आणि सूर्याचे हवामान

जालना जिल्ह्यात शेताची हद्द ठरवताना भूकरमापक आता रोव्हर घेऊन बांधावर उभा राहतो. उपग्रहांचे संकेत आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या कायमस्वरूपी संदर्भ केंद्रांकडून मिळणारी दुरुस्ती यांच्या जोरावर हे यंत्र काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगते. साखळी आणि प्लेन टेबलच्या मोजणीत जमिनीचा उतार आणि माणसाची नजर आड येई. रोव्हरच्या मोजणीत पंधरा कोटी किलोमीटरवरचा सूर्य आड येऊ शकतो.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांचे संकेत खाली येताना आयनांबर या वातावरणाच्या वरच्या थरातून जातात. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे या थरातल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटतात आणि हे सुटे इलेक्ट्रॉन संकेताला उशीर लावतात. हा उशीर अंतराच्या हिशेबात काही मीटरचा असतो, सूर्य जोरात असताना दुपारी तो दहा मीटरच्याही पुढे जातो. संदर्भ केंद्र आणि रोव्हर या दोघांच्या डोक्यावरचे आयनांबर सारखेच असेल, तर केंद्राची चूक रोव्हरच्या चुकीतून वजा करता येते. सगळी पद्धत या एका गृहीतावर उभी आहे.

महाराष्ट्रात हे गृहीत नेमके कमकुवत ठरते. चुंबकीय विषुववृत्त तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळून जाते. तिथले आयनांबर दिवसा वर उचलले जाते आणि पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून उत्तरेकडे घसरत अहमदाबाद-भोपाळच्या आसपास दाट साठते. सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावरचा जालना दाटीच्या या चढावरच येतो. त्यामुळे काही दहा किलोमीटरच्या अंतरातही इलेक्ट्रॉनांची दाटी बदलू शकते. त्यात मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, विशेषतः सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत, सूर्यास्तानंतर आयनांबरात विरळ फुगे उठतात. त्यांतून येणारा संकेत लुकलुकतो, कधी तुटतो. मोजणी दिवसा होते म्हणून या फुग्यांचा त्रास तिला कमी. पण संध्याकाळी उडणाऱ्या फवारणीच्या ड्रोनला तो टळत नाही.

सौरवादळ या रोजच्या चढउतारात भर घालते. सूर्याच्या किरीटातून फेकलेला चुंबकित वायूचा लोट एक ते तीन दिवसांत पृथ्वीपर्यंत येतो. 2 सप्टेंबर 1859 रोजी मुंबईत कुलाबा वेधशाळेच्या चुंबकमापकाने पृथ्वीच्या क्षैतिज चुंबकीय क्षेत्रात सुमारे 1600 नॅनोटेस्लाची घसरण नोंदवली. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी पाहिलेल्या सौरज्वालेशी जोडलेले ते वादळ होते. डोळ्यांनी वाचून टिपलेली ही कुलाब्याची नोंद आजही जगभरचे संशोधक उघडून पाहतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडू नयेत म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात 1904 मध्ये चुंबकीय वेध अलिबागला हलवले गेले. एका शहराच्या वाहतुकीपुढे शास्त्रीय नोंदीची अखंडता जपणारा हा निर्णय महाराष्ट्राने अभिमानाने आठवावा असा आहे. अलिबागची वेधशाळा आज पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि ती चालू आहे.

जमिनीवरची नोंद मात्र वादळ आल्यावरच बोलते. आधी कळण्यासाठी आकाशात पहारा लागतो. भारताचे आदित्य-एल1 हे यान 2 सप्टेंबर 2023 रोजी निघाले आणि 6 जानेवारी 2024 रोजी पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवरच्या आपल्या कक्षेत पोहोचले. सूर्याला अतिनील प्रकाशात पाहणारी त्यावरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने उभी केली. लोट निघाला हे दुर्बिणींना दिसते. तो किती जोराने लागेल, हे त्यातल्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर ठरते. ते दक्षिणेकडे वळलेले असेल तर पृथ्वीचे चुंबकीय कवच उघडे पडते. ही दिशा आज भरवशाने कळते ती लोट आदित्यसारख्या यानावर आदळल्यावरच. तिथून पृथ्वीपर्यंत यायला त्याला अर्धा ते एक तास लागतो. अंतराळ हवामानाच्या अंदाजाची आजची मर्यादा एवढीच आहे.

10 मे 2024 च्या रात्री आलेल्या वादळात जागतिक चुंबकीय निर्देशांक उणे 400 नॅनोटेस्लापर्यंत उतरला. लडाखमधील हानले इथे आकाश लाल झालेले दिसले. अमेरिकेत पेरणीचा हंगाम होता. उपग्रहांच्या आधाराने सरी धरणारे ट्रॅक्टर अनेक शेतकऱ्यांना थांबवावे लागले. मराठवाड्यात पेरणी अजून अशा ट्रॅक्टरवर नाही, पण बांधाचा निवाडा रोव्हरवर आला आहे. एका हाताच्या फरकावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालतात, तिथे ही गोष्ट लहान नाही.

म्हणून भूमी अभिलेख खात्याने वादळाची पूर्वसूचना तालुक्याच्या कार्यालयापर्यंत मराठीत पोहोचवावी, मोजणीच्या कागदावर दिवसाबरोबर वेळही नोंदवावी आणि वादळाच्या दिवशी घेतलेली हद्दीची खूण नंतर शांत दिवशी पुन्हा तपासून मगच कायम करावी.