पतीच्या नावाचा रकाना कोरा आहे

आजचा धागा एका कागदाविषयी आहे आणि त्या कागदावर जे लिहिलेले नाही त्याविषयी अधिक.

सन १९०३. कलकत्त्याहून ‘क्लाइड’ नावाचे जहाज मजूर घेऊन दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयानाकडे निघाले. त्यात सुजारिया नावाची एक बिहारी स्त्री होती. सोबत पती नाही, भाऊ नाही, गावचे कोणी नाही. पोटात चार महिन्यांचा गर्भ. तिचे मूल भर समुद्रात, जहाजावरच जन्मले. पुढे शतक उलटून गेल्यावर तिची पणती, पत्रकार गायुत्रा बहादूर, तीन खंडांतील दफ्तरखाने धुंडाळत तिच्या मागावर निघाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेले ‘कुली वुमन’ हे पुस्तक त्या शोधातून उभे राहिले.

थोडी पार्श्वभूमी. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांना हात कमी पडू लागले. मग करारबद्ध मजुरीची पद्धत आली. फिजीत गेलेल्या आपल्या लोकांनी ‘ॲग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ केले आणि तोच शब्द रूढ झाला. मॉरिशसला १८३४ पासून, गयानाला १८३८ पासून. एकट्या गयानात १९१७ पर्यंत सुमारे २ लाख ३९ हजार माणसे उतरली. मॉरिशसच्या जहाजांत मुंबई बंदरातून चढलेले मराठी लोकही होते. तेथील मराठी समाज त्यांचाच वंश. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते, ती उगाच नव्हे.

आता कागदाकडे वळू. प्रत्येक मजुराचा एक परवाना असे. त्यावर जहाजाचे नाव, नोंद क्रमांक, जात, वडिलांचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, ठाणे, गाव. हा तपशील वाचून आपण हरखून जातो, पण तो कोणी आणि कशासाठी टिपला हे विसरू नये. पळून गेलेला मजूर ओळखता यावा, मेला तर कोणाला कळवायचे ते ठाऊक असावे, म्हणून. माणूस जपण्यासाठी नव्हे, माल हरवू नये म्हणून केलेली ही नोंद आहे. सुजारियाच्या परवान्यावर पतीच्या नावाची जागा कोरी आहे.

त्या कोऱ्या जागेत आजवर ज्याने त्याने आपल्याला हवे ते भरले आहे, आणि माझा वाद तिथेच आहे.

मळेवाले आणि वसाहतीचे अधिकारी अशा स्त्रीला सरळ बदफैली ठरवून मोकळे होत. नियम त्यांचाच होता: दर १०० पुरुषांमागे ४० स्त्रिया पाठवाव्या लागत. तेवढ्या बायका स्वेच्छेने मिळेनात, म्हणून अरकाटी, म्हणजे मजूर गोळा करणारे दलाल, देवळांबाहेर, यात्रांत, स्थानकांवर एकट्या बाया हेरत. विधवा, घर सोडलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या. आधी अशाच बायका शोधायच्या आणि नंतर त्यांच्या शीलाविषयी अहवालांतून खेद व्यक्त करायचा, हा कारभार होता.

आपल्या राष्ट्रीय नेत्यांनी याच्या उलट टोक गाठले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली नाताळला मजूर पाठवण्याविरुद्ध आणि १९१२ साली ही पद्धतच बंद करावी म्हणून कायदे मंडळात ठराव मांडले. दुसरा ठराव सरकारी मतांपुढे टिकला नाही. गोखल्यांविषयी मला नितांत आदर आहे. त्या भाषणांमागील अभ्यास पाहिला तर आजही मान लवते. तरीही त्या काळच्या एकूण प्रचारात स्त्री आली ती देशाची विटंबित अब्रू म्हणून. १९१३ साली फिजीत कुंती नावाच्या मजूर स्त्रीने मुकादमापासून सुटण्यासाठी नदीत उडी घेतली. तिची हकिकत हिंदुस्थानभर गाजली आणि चळवळीला तिचे बळ मिळाले. पण जी स्त्री कुंतीप्रमाणे नदीत उडी घेत नाही, जी मळ्यावर नवा घरोबा करते, मजुरी स्वतःच्या हाती ठेवते, एका पुरुषाला सोडून दुसऱ्याकडे जाते, तिच्यासाठी त्या प्रचारात जागा नव्हती.

आणि आता आपली पिढी. आपल्याला सुजारिया बंडखोर हवी आहे. साखळ्या तोडून समुद्र ओलांडणारी नायिका! अशी चित्रफीत तासाभरात हजारो लोक पाहतील. मात्र गयानाच्या मळ्यांवर पुरुषांनी कोयत्याने वार करून बायकांचे खून पाडल्याच्या नोंदी वाचल्या की ‘मुक्ती’ हा शब्द जिभेवर अडखळतो. स्त्रिया कमी होत्या म्हणून त्यांना निवडीला थोडा वाव मिळाला, हे खरे. त्याच कमतरतेने त्यांचा जीवही घेतला, हेही तितकेच खरे.

बहादूर यांचे मोठेपण मला इथे वाटते. त्या बिहारमध्ये पणजीच्या गावापर्यंत जातात. ती का निघाली याचे उत्तर हाती लागत नाही. मग त्या उत्तर रचत नाहीत. त्या प्रश्न विचारतात, एकामागून एक, पानेच्या पाने. ती विधवा होती का? पळाली का? तिला फसवले का? काही समीक्षकांना हा प्रश्नांचा मारा खटकतो. मला तो प्रामाणिक वाटतो. ज्याला दफ्तर उत्तर देत नाही त्याला कादंबरी लिहिण्याची मुभा आहे, पण मग तिला कादंबरी म्हणावे.

हे सगळे वाचताना एक विचार मला फार बोचला. मळेवाल्यांनी धंद्यासाठी केलेल्या त्या नोंदीत सुजारियाचे स्वतःचे नाव तरी आहे. आपल्याकडील छापील कुलवृत्तांत उघडा. दहा-दहा पिढ्यांचे पुरुष ओळीने सापडतील. बायका? लग्नात नाव बदललेले, माहेरचे आडनाव कधी आहे, कधी नाही. तीर्थक्षेत्रांतील उपाध्यांच्या वह्यांतही वंश चालतो तो मुलग्यांचा. कंत्राटाने परमुलखी गेलेली मजूर स्त्री शंभर वर्षांनी सापडू शकते आणि शेजारच्या तालुक्यातून सासरी आलेली पणजी सापडत नाही!

हे केवळ वक्तृत्व नव्हे, मी करून पाहिले आहे. गेल्या दिवाळीत माझ्या वडिलांच्या आजीचे माहेरचे नाव शोधायला बसलो. वंशावळीत तिची नोंद ‘प्रथम कुटुंब’ एवढीच. एका कार्यालयात जन्मनोंद मागायला गेलो, तर तेथील गृहस्थांनी विचारले, “मिळकतीचा काही वाद आहे का?” नाही म्हटल्यावर त्यांचे कुतूहल संपले आणि वहीही मिळाली नाही.

शोध घेणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. समुद्रापार गेलेल्यांचा माग काढताना आडनावाच्या मागे धावू नका. मजुराचे एकेरी नाव, त्याच्या बापाचे नाव, हेच पुढे आडनाव होऊन बसले आहे, तेही परक्या कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले. गाव आणि ठाणे धरा. मॉरिशससाठी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत नोंदवह्या आहेत, पुष्कळ मजुरांची छायाचित्रेही आहेत. आणि घरातील शोध असेल, तर दफ्तराआधी घरातील सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. हातात वही घेऊ नका. निवडायला भाजी घ्या.

मी बसलो होतो. माझ्या आत्तेआजीला तिच्या आजीचे माहेर आठवेना. बराच वेळ ती शेंगा सोलत राहिली, मग म्हणाली, “माळ्यावरचा तांब्या बघ. तिच्या लग्नातला आहे तो.”

तांब्या मिळाला. काठाखाली नाव कोरलेले आहे, तिचे लग्नाआधीचे नाव आणि तिच्या वडिलांचे. त्यापुढे गावाचे नाव होते. ती जागा घासून घासून गुळगुळीत झाली आहे. पहिले अक्षर ‘क’ असावे, किंवा ‘फ’.