दवाखान्यात आग लागली तर पेशंटला बाहेर कोण काढणार?

दवाखान्यात गेल्यावर आपण काय विचारतो? डॉक्टर कधी येतील, औषध आत मिळेल की बाहेरून आणावं लागेल, सुट्टी कधी होईल. या वॉर्डात आग लागली तर पेशंटला कोण आणि कुठून बाहेर काढणार, हे मात्र आपण विचारत नाही. आता ते विचारायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

९ जानेवारी २०२१ ची रात्र आठवा. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात १७ बाळं होती. रात्री दीडच्या पुढे आग लागली. ७ बाळं वाचली, १० गेली. त्यातली बहुतेक धुरानं गुदमरून गेली. त्या आया मोलमजुरी करणाऱ्या घरांतल्या होत्या. अशा कक्षात आईला थांबू देत नाहीत, म्हणजे बाळाची सगळी जबाबदारी दवाखान्याचीच असते.

भंडारा आपल्यापासून लांब नाही. आंजीत बाळंतपण झालं आणि बाळ कमी वजनाचं निघालं, तर त्याला वर्धा, सेवाग्राम नाहीतर सावंगीला हलवतात. आपली लेकरं अशाच कक्षात, अशाच काचेच्या पेटीत राहतात.

त्याच वर्षी कोरोनाच्या काळात आगीच्या बातम्या एकामागून एक आल्या. मार्चमध्ये मुंबईत भांडुपला मॉलमधल्या रुग्णालयात. ९ एप्रिलला नागपूरजवळ वाडीत, ४ जण गेले. २३ एप्रिलला विरारच्या अतिदक्षता विभागात, किमान १३ गेले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात, ११ गेले. नगरचा तो कक्ष तर कोरोनासाठी नव्यानंच बांधलेला होता.

काही लोक म्हणतात, साथ एवढी मोठी होती, माणसं खाटेसाठी तडफडत होती, तेव्हा वायरिंग कोण बघत बसणार? उलट, साथ आली म्हणूनच ते आधी बघायला हवं होतं. आपण श्वास घेतो त्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. बंद खोलीत अनेकांना ऑक्सिजन लावला की तिथल्या हवेतलं प्रमाण वाढतं. चादर, गादी, केससुद्धा अशा हवेत पटकन पेट घेतात. व्हेंटिलेटर आणि एसी दिवसरात्र चालतात, जुन्या वायरिंगवर भार येतो. खिडक्या बंद, हाताशी सॅनिटायझर. एक ठिणगी पुरते. आणि नळ्या लावलेला माणूस स्वतः उठून पळू शकत नाही.

हे सरकारला माहीत नव्हतं असंही नाही. राजकोटच्या कोविड रुग्णालयातल्या आगीनंतर १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला होता, की प्रत्येक कोविड रुग्णालयात आगीपासून सुरक्षेसाठी एक अधिकारी जबाबदार असावा आणि दर महिन्याला तपासणी व्हावी. आपल्या राज्यात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला इमारतीच्या मालकानं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, द्यायचा असतो. आदेश होता, कायदा होता, तरी नगरला माणसं जळाली.

मग शिक्षा कोणाला? भंडाऱ्यात परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. नगरलाही डॉक्टर आणि परिचारिकांना अटक झाली. ड्युटीवर हयगय झाली असेल तर चौकशी व्हावीच. पण वायरिंग परिचारिका करत नाही. धूर ओळखणारं यंत्र बसवायचा पैसा तिच्या हातात नसतो. ज्यांनी निधी अडवला, ज्यांनी न बघता सही केली, त्यांना सोडून रात्रपाळीच्या बाईला पुढं केलं, की पुढची आग ठरलेलीच. जगण्याचा हक्क संविधानाच्या कलम २१ नं सगळ्यांना दिला आहे. खाजगी दवाखाना परवडत नाही म्हणून तो कमी होत नाही.

आपल्याला काय करता येईल?

पेशंट भरती केल्यावर बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघा. त्याला कुलूप असेल किंवा समोर खाटा रचल्या असतील तर तिथल्या इन्चार्जला सांगा. आग विझवायच्या सिलिंडरवर भरल्याची तारीख असते, ती वाचा. काटा असेल तर तो हिरव्या पट्ट्यात हवा.

आपणही शिस्त पाळू. ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेजवळ बिडी, अगरबत्ती, मेणबत्ती नको. वॉर्डात शेगडी किंवा पाणी तापवायचा रॉड लावू नका. सामान जाण्यायेण्याच्या वाटेत ठेवू नका. धूर दिसला तर आधी आरडाओरड करून सगळ्यांना सावध करा. विजेच्या आगीवर पाणी टाकू नका. लिफ्ट वापरू नका, खाली वाकून चला. १०१ किंवा ११२ ला फोन लावा.

आणि एक सामूहिक काम. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची आणि जिल्हा रुग्णालयाची आगीची व विजेची तपासणी शेवटची कधी झाली, तिचा अहवाल काय, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डधारकाला तेही नाहीत. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. रविवारी विहारात वंदना झाली की वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींना बसवा आणि अर्ज तिथंच लिहून घ्या. आलेलं उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवा.

साथ पुन्हा येईल तेव्हा खाटा भरतील आणि कोणाला वेळ नसेल. हे प्रश्न आज, दवाखाना शांत असतानाच विचारले पाहिजेत.

जय भीम!