मुहूर्ताला वॉरंटी नसते

भटजींनी शेवटचे 'सावधान' उंच आवाजात म्हटले, सनईची टेप वाजू लागली, अंतरपाट खाली आला आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधार झाला. मला चक्कर आली नव्हती. डोळ्याला लावलेला कॅमेरा बंद पडला होता. बॅटरी काढली, पुन्हा बसवली, कॅमेरा जागा झाला. तोवर हार घालून झाले होते आणि नवरीची आई डोळे पुसत मागे सरकली होती. सगळा वीस-पंचवीस सेकंदांचा खेळ. माझा मदतनीस दुसरा कॅमेरा घेऊन पाहुण्यांकडे तोंड करून उभा होता. अक्षता उडतानाचे फोटो त्याने झकास काढले. तसे मीच त्याला सांगून ठेवले होते.

सांगलीत आमचा वडिलोपार्जित फोटो स्टुडिओ आहे. वडिलांकडे याशिका मॅट होता, वरून मान वाकवून पाहायचा. तो बिघडला की वडील गावातल्याच एका घड्याळजीकडे जात. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एखादी स्प्रिंग ठाकठीक करी आणि संध्याकाळी कॅमेरा घरी येई. मी घेतलेला कॅमेरा सव्वादोन लाखांचा, पतसंस्थेचे कर्ज काढून. सोबत दोन वर्षांची वॉरंटी. सातव्या महिन्यात त्याने तासगावच्या त्या मांडवात दगा दिला. आणि या कॅमेऱ्याचा घड्याळजी सव्वादोनशे किलोमीटरवर पुण्यात, वातानुकूलित काचेआड बसतो.

काउंटरवरचा मुलगा सभ्य होता, हे आधी सांगितले पाहिजे. त्याने कॅमेरा घेतला, पावती दिली, पाणीही विचारले. अकरा दिवसांनी कॅमेरा परत आला. सोबतच्या कागदावर लिहिले होते की दोष आढळला नाही. सेन्सर साफ केला, आतले सॉफ्टवेअर नवे घातले. आता ज्याचे दात दुखतात त्याला ठाऊक असते, की डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्यावर दुखणे हटकून थांबते. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाचे तसेच आहे. टेबलावर वीस फोटो काढून तो सापडत नाही. भर उन्हात तीन तास काम झाले, अंग तापले, भराभर फोटो काढू लागले, की तो उगवतो. म्हणजे नेमका मुहूर्तावर.

पुढच्या लग्नात तो पुन्हा उगवला. या वेळी मी शहाणा झालो होतो. कॅमेऱ्याचा काळा पडलेला पडदा मोबाइलवर चित्रित केला. दुसऱ्याची लग्ने टिपणारा माणूस आपल्या कॅमेऱ्याच्या आजारपणाची चित्रफीत काढत उभा, हे दृश्य पाहून वरपक्षातले एक काका म्हणाले, "अहो, नवरा-नवरी तिकडे आहेत!"

दुसऱ्या फेरीत निदान बदलले. दोष आहे, पण तो 'आघातामुळे' आहे. तळाशी चरा दिसतो. बोर्ड बदलावा लागेल, तो वॉरंटीत बसत नाही, खर्च अठ्ठावन्न हजार. चरा होता, मी नाकारत नाही. ट्रायपॉडवर रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या कॅमेऱ्याच्या तळाला चरा नसेल तर तो कपाटातच असला पाहिजे. मी एवढेच म्हणालो, की त्या चऱ्यामुळे आतला कोणता भाग कसा बिघडला, ते फोटोसह लेखी द्या. त्यावर काउंटरपलीकडे एकदम शांतता पसरली. त्या मुलाच्या संगणकात कारणांची ठरावीक यादी होती, त्यातले एक निवडायचे एवढाच त्याला अधिकार. सविस्तर कारण लिहायला तिथे जागाच नव्हती.

मुख्य कार्यालयाला पत्र पाठवले. उत्तर आले ते वाचून मात्र मी चक्रावलो. आपण वस्तूचा व्यावसायिक वापर करीत आहात, सबब आपण कायद्याच्या अर्थाने ग्राहक ठरत नाही. ज्या कॅमेऱ्याची जाहिरातच 'व्यावसायिकांसाठी' म्हणून झाली, तो घेऊन मी व्यवसाय केला हा माझा गुन्हा!

हा युक्तिवाद अनेकांना गप्प बसवतो, म्हणून थोडे कायद्याचे बोलतो. नफ्याच्या व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक नाही, हे खरे. पण स्वयंरोजगारातून स्वतःचे पोट भरण्यासाठीच ती वस्तू घेऊन स्वतः वापरणारा माणूस ग्राहकच, असे स्पष्टीकरण १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १९९३ साली घातले गेले. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उलगडून सांगितले, आणि एक-दोन मदतनीस हाताशी घेतल्याने असा माणूस ग्राहक राहत नाही असे नव्हे, हेही सांगितले. जुन्या कायद्याची जागा घेणारा २०१९चा कायदा २० जुलै २०२०पासून लागू झाला, त्यातही हे स्पष्टीकरण आहे. म्हणजे रिक्षावाला, शिलाई मशीनवर घर चालवणारी बाई आणि माझ्यासारखा फोटोवाला, सगळे ग्राहक. शिवाय आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. मी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि वरचा सगळा मजकूर नोटिशीत घालून धाडला.

तरी कायद्याची गतीही पाहा. तक्रार शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावी आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासायची असेल तर पाच महिन्यांत, असे कलम सांगते. तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेला आमचा हंगाम तोवर कुठल्या कुठे गेलेला असतो. खरी खोच इथे आहे. वॉरंटी वस्तूची असते, दिवसांची नसते. माझ्या वॉरंटी कार्डावर भाग विनामूल्य बदलू असे लिहिले आहे. किती दिवसांत बदलू, हे कुठेच नाही. तेवढ्या काळात दुसरा कॅमेरा देऊ, हे तर नाहीच. मी भाड्याने कॅमेरा आणून पाच लग्ने केली. ते भाडे, पुण्याच्या फेऱ्या आणि गमावलेली दोन कामे कोणाच्या खाती लिहायची? व्यावसायिक म्हणून जास्त पैसे घेता, तर दुरुस्तीची मुदत छापा आणि मुदत टळली तर बदली कॅमेरा द्या. एवढी मागणी अवाजवी आहे, असे मला वाटत नाही.

कंपन्यांना हे जमत नाही असेही नाही. सप्टेंबर २०१२मध्ये निकॉनचा डी६०० बाजारात आला आणि त्याच्या सेन्सरवर धूळ-तेलाचे ठिपके पडतात, अशी ओरड जगभर झाली. फेब्रुवारी २०१४मध्ये कंपनीने जाहीर केले, की वॉरंटी संपली असली तरी तपासणी, सफाई आणि गरज पडल्यास शटर बदलणे विनामूल्य. त्याला दीड वर्ष लागले. मार्चमध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने हा विषय लावून धरला आणि शांघायच्या प्रशासनाने त्याची विक्री थांबवायला लावली. एकट्यादुकट्या माणसाचा 'दोष आढळला नाही', हजारोंचा मात्र आढळतो.

आमच्या जमातीचेही सांगायला हवे. चार पैसे वाचवायला मुंबईत बोरा बाजारात जाऊन बिनबिलाचा, बाहेरून आलेला कॅमेरा उचलायचा आणि बिघडला की वॉरंटीच्या नावाने खडे फोडायचे, असे करणारे माझे मित्र आहेत. मी बिल घेतले होते आणि प्रत्येक जॉब शीटची प्रत ठेवली होती, म्हणून निदान भांडता आले.

बावन्नाव्या दिवशी कॅमेरा आला. बोर्ड बदललेला होता, पैसे शून्य. सोबतच्या पत्रात लिहिले होते, की ही दुरुस्ती केवळ सौजन्य म्हणून, विशेष बाब म्हणून करण्यात येत आहे. मी ते पत्र दोनदा वाचले. माझ्या हक्काची गोष्ट मला भेट म्हणून मिळाली होती. कॅमेरा हवा होता, म्हणून मी पोच लिहून दिली. फक्त 'सौजन्य' या शब्दावर काट मारून वर 'वॉरंटीनुसार' असे लिहिले आणि खाली सही केली.

तासगावच्या त्या अल्बमात अंतरपाटाचे पान आहे. नवरीच्या मावसभावाने मोबाइलवर काढलेला फोटो त्यात लावला आहे. थोडा हललेला, कोपऱ्यात कोणाचा तरी फेटा आलेला. अल्बमाचे पैसे मी घेतले नाहीत. तो घ्यायला नवरीची आई आली होती. तिने ते पान उघडून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "यात मी कुठे आहे?"