सोय कोणाची, विचारले कोणाला?

लातूरच्या महाविद्यालयातून १९८० साली पदवीधर झालेल्या विद्यार्थ्याच्या कागदपत्रांवर जिल्हा म्हणून उस्मानाबादचे नाव असते आणि विद्यापीठ म्हणून मराठवाडा विद्यापीठाचे. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जानेवारी १९९४ मध्ये मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन लातूरची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. हा सारा इतिहास महाविद्यालयाच्या कार्यालयातील कनिष्ठ लिपिकाला तोंडपाठ असतो, कारण दुय्यम गुणपत्रिकेसाठी किंवा सेवापुस्तकातील नोंदीसाठी खेटे घालणारे निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे गृहस्थ त्याच्यापुढे येऊन उभे राहतात. परंतु संगणकाच्या पडद्यावर ‘जिल्हा’ या रकान्यापुढे आजच्या जिल्ह्यांची यादीच तेवढी उघडणार असेल, तर त्या लिपिकाने काय करावे? यादी रचणाऱ्याचा यात हेतुपुरस्सर दोष नसतो. जिल्हा जन्माला येतो, विद्यापीठ विभागले जाते, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते. आणि ज्याला ती ठाऊक असते त्याला कोणी विचारलेले नसते.

शासकीय संस्थांत मुक्त स्रोत संगणक-प्रणालींचा वापर वाढावा, असे धोरण भारत सरकारने २०१५ मध्ये जाहीर केले. ज्या प्रणालीची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि पुढे दुसऱ्याला देता येते, ती मुक्त स्रोत प्रणाली. परवान्याचे शुल्क नाही, एका कंपनीच्या दावणीला कायमचे बांधून घेणे नाही, आणि सार्वजनिक पैशातून निर्माण झालेली वस्तू सार्वजनिक राहते, हे तिचे लाभ अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला पटण्याजोगे आहेत. या धोरणाचे स्वागतच केले पाहिजे. तथापि आज्ञावली खुली असली म्हणजे ती वापरणाऱ्याचे म्हणणे तिच्यात आपोआप उतरते, असा जो एक भाबडा समज या स्वागताच्या पाठोपाठ पसरला आहे, तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मुक्त स्रोताची चळवळ ज्या वातावरणात वाढली तेथे प्रणाली लिहिणारा आणि ती वापरणारा हे बहुतांशी एकच होते. एरिक रेमंड या अमेरिकन लेखकाने १९९७ मध्ये या चळवळीचे जे विवेचन केले, त्यात चांगल्या आज्ञावलीचा उगम लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या अडचणीत असतो, असे सांगितले आहे. स्वतःला टोचणारा काटा माणूस स्वतःच काढतो, आणि तो नीट निघाला की नाही हे त्याला दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. म्हणूनच संगणकतज्ज्ञांना लागणारी साधने या पद्धतीने उत्तम निपजली. परंतु देगलूरच्या शाळेतील लिपिकाच्या पायात रुतलेला काटा पुण्याच्या किंवा बंगळूरच्या अभियंत्याला कसा टोचणार? त्या लिपिकाला आज्ञावली वाचण्याचा पूर्ण अधिकार आहे, बदलण्याचाही आहे. ज्याला संगणकाची भाषा येत नाही त्याला मिळालेला हा अधिकार निरक्षराला मिळालेल्या वाचनालयाच्या सभासदत्वासारखाच होय.

याला अपवाद आहेत, आणि ते बोलके आहेत. ग्रंथालयांसाठी जगभर वापरली जाणारी ‘कोहा’ ही मुक्त स्रोत प्रणाली न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या लहानशा भागातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या निकडीतून जन्मली. २००० साल उजाडताच त्यांची जुनी यंत्रणा निकामी होणार होती. ग्रंथपालांनी आपली कामे, आपल्या शाखा, आपले वाचक यांची गरज एका स्थानिक कंपनीपुढे मांडली, १९९९ मध्ये काम झाले आणि जानेवारी २००० मध्ये प्रणाली सुरू झाली. मग ग्रंथालयाने ती सर्वांसाठी खुली केली. ‘कोहा’ या माओरी शब्दाचा अर्थ भेट असा आहे. येथे आज्ञावली लिहिणारे ग्रंथपाल नव्हते. परंतु काय हवे हे ठरवणारे ग्रंथपाल होते, आणि पुढेही नव्या सोयींसाठी वेगवेगळ्या ग्रंथालयांनी पैसे दिले. भेट मिळाली ती जगाला; गरज मात्र एका गावाची होती, आणि ती त्या गावाने स्वतःच्या तोंडाने सांगितली होती.

हीच प्रणाली मराठवाड्यातील तालुक्याच्या ग्रंथालयात आणून बसवली तर प्रश्न नव्याने उभे राहतात. कोशांमध्ये व शाळेच्या तक्त्यात ‘क्ष’चे स्थान एक नसते: तक्त्यात ते ‘ळ’च्या पुढे, अगदी शेवटी, संगणकाच्या लेखी मात्र ‘क्ष’ म्हणजे ‘क’ला जोडलेला ‘ष’, आणि म्हणून तो ‘क’च्या पोटात. वाचकाने ‘क्षितिज’ कोठे शोधावे? आडनाव आधी आणि नाव मागाहून हा पाश्चात्त्य तालिकेचा नियम. आपला वाचक मात्र ‘पु. ल.’ एवढेच म्हणतो आणि ग्रंथपालाने समजून घ्यावे अशी अपेक्षा करतो. आद्याक्षरानंतर टिंब आहे की नाही, टिंबानंतर मोकळी जागा आहे की नाही, एवढ्यावरून एकाच लेखकाचे तीन लेखक होतात. ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ तो निराळाच. यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर तांत्रिक नाही. देवघेवीच्या खिडकीत बसणाऱ्याला ते पाच मिनिटांत देता येते. त्याच्याखेरीज कोणालाही ते सुचत नाही. मराठीच्या एका अक्षराचे उदाहरण पुरे. ‘ॲ’ या अक्षराला जागतिक लिपिसंकेतात, म्हणजे युनिकोडमध्ये, स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. तोपर्यंत ‘बॅट’ बिनदिक्कत लिहिता येई, परंतु ‘ॲ’ने सुरू होणारा शब्द लिहायचा तर ‘अ’वर चंद्र चढवण्याची कसरत करावी लागे. देवनागरीचा आराखडा हिंदी समोर ठेवून पाहिला की असे होणे क्रमप्राप्तच.

नांदेड-लातूरच्या गरजांना आणखी एक पदर आहे. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. जुन्या दप्तरात फसली सन आहे, उर्दू लिखाण आहे, मोडी आहे. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची वाण सर्वांच्या लक्षात आली. फसली सन स्वीकारणारा तारखेचा रकाना पुण्या-मुंबईच्या अभियंत्याच्या स्वप्नातही येणार नाही, आणि तो का यावा? देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कानडी, किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली घरात बोलणारी मुले शाळेत येतात. त्यांची नावे मराठी लिपिक कशी लिहितो आणि आधार कार्डावर ती कशी उमटतात, यांतील अंतर मुख्याध्यापकाला ठाऊक असते.

आता उलट बाजूचे उदाहरण. अंगणवाडी सेविकांच्या नोंदींसाठी देशात काही वर्षे जी मोबाइल प्रणाली चालली, ती ‘कॉमकेअर’ या मुक्त स्रोत पायावर उभारलेली होती. महाराष्ट्रातही ती वापरात होती आणि तीत मराठी होती. ती बंद झाली; मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले. त्यात मराठीची सोय नाही आणि दिलेले हँडसेट निकृष्ट आहेत, अशी तक्रार करीत त्या वर्षी राज्यभरातील सेविकांनी शासनाचे मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. जुन्या प्रणालीचा पाया मुक्त होता, म्हणून तो कायम ठेवावा की नाही याविषयी सेविकेचे मत निर्णायक ठरले, असे काही झाले नाही. तिला जे सांगायचे होते ते सांगण्यासाठी तिला मोबाइल परत करावा लागला.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. एखाद्या संस्थेची सेवा बिघडली तर ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. साबण आवडला नाही तर दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही. दुसरा साबण घेतला की काम भागते. परंतु वेतनाची देयके, प्रवेशाचे अर्ज, लाभार्थींच्या याद्या ज्या प्रणालीत भरणे सक्तीचे आहे, ती सोडून शिक्षक, लिपिक किंवा सेविका जाणार कोठे? जेथे सोडून जाण्याची वाट बंद आहे तेथे आवाजाची वाट आधीच बांधून द्यावी लागते. मुक्त स्रोताचे पुरस्कर्ते सांगतात की न पटल्यास आज्ञावलीची प्रत घेऊन स्वतंत्र शाखा काढण्याची मुभा असते. ही मुभा खरी आहे. ती विद्यापीठाला आहे, राज्याला आहे. अर्धापूरच्या लिपिकाला नाही.

लातूर जिल्ह्याला हा विषय नवा नाही, कारण त्याने तो घरे बांधताना अनुभवला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसे गेली. त्यानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्यांतील अनेक वस्त्यांची आखणी शहरी धाटणीची झाली: सरळ रुंद रस्ते, ओळीने उभी सारखी घरे. जुन्या वाड्यांमधली दाटी गेली; पण जनावरे कोठे बांधायची, कडबा कोठे रचायचा, बायकांनी दुपारी कोठे बसायचे, याचा विचार मागे पडला, आणि पुढे लोकांनी पत्र्याच्या शेडी टाकून आपापली सोय करून घेतली. त्याच पुनर्वसन कार्यक्रमाचा दुसरा भाग होता तो जागच्या जागी घरे दुरुस्त व मजबूत करण्याचा. लाखाहून अधिक घरांच्या या कामात घरमालकाने स्वतः लक्ष घालायचे होते, आणि ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने शेकडो गावांत महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. अभियंत्याचे म्हणणे घरी आणि घरचे म्हणणे अभियंत्याकडे पोचवणे हे त्यांचे काम. दगड, माती, सिमेंट दोन्हीकडे तेच होते. ज्या सुशिक्षितांना सॉफ्टवेअरमधील लोकसहभाग ही परदेशी कल्पना वाटते त्यांनी औसा-निलंगा भागातील ही गावे एकदा हिंडून पाहावीत.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच पोकळ नाही. वापरणाऱ्याला विचारले तर तो हातातले रजिस्टरच पडद्यावर मागतो; आपल्याला काय मिळू शकते याची त्याला कल्पना नसते. हे खरे आहे. परंतु म्हणूनच ‘तुम्हाला काय हवे?’ असा प्रश्न करून उत्तर लिहून घेणे म्हणजे विचारणे नव्हे. आवक-जावक टेबलाशी आठवडाभर बसून पाहावे लागते: लिपिक कोणता कागद दोनदा लिहितो, कोणता आकडा खासगी वहीत टिपून ठेवतो, वीज गेली की काय करतो. त्या खासगी वहीत निम्म्या प्रणालीचा आराखडा सापडतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. विचारणा झालीच तर ती साहेबाकडे होते. बैठकीला उपसंचालक जातात, प्राचार्य जातात, फार तर मुख्य लिपिक जातो. ग्रामपंचायतीचा कंत्राटी संगणक परिचालक, जो दिवसभर बोटे झिजवतो, तो चहा संपल्यावरही आत येत नाही.

खर्चाचे काय? परवान्याचे शुल्क वाचते, त्याचा हिशेब मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. त्या बचतीतील काही हिस्सा विचारण्यावर खर्च व्हावा, ही मागणी अवाजवी नाही. मॅन्कर ओल्सन याने १९६५ मध्येच दाखवून दिले की लाभ सर्वांचा आणि कष्ट एकाचा असेल तर तो एक पुढे येत नाही. दोन दिवस खपून प्रणालीतले दोष सांगणाऱ्या शिक्षकाला त्या दोन दिवसांची कर्तव्य रजा आणि प्रवासभत्ता मिळत नसेल, तर त्याने गप्प बसणे हेच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. केरळमध्ये शाळांसाठी मुक्त स्रोत प्रणाली रुजल्या त्या शिक्षकांतूनच निवडलेल्या प्रशिक्षकांमुळे. ते काम त्यांनी शाळा सुटल्यावर फावल्या वेळात केले नाही; तीच त्यांची नेमणूक होती.

या दोन जिल्ह्यांत मनुष्यबळ नाही असे म्हणता येणार नाही. नांदेडला श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे, लातूरला विद्यापीठाचा उपपरिसर आहे, अभियांत्रिकी व संगणकशास्त्राची महाविद्यालये आहेत. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प दरवर्षी होतात आणि त्यांत ‘ग्रंथालय व्यवस्थापन’ हा विषय न चुकता असतो. कित्येक प्रकल्पांचे कर्ते प्रकल्पासाठी ग्रंथालयाची पायरी चढलेले नसतात, मागल्या वर्षीचा अहवाल मात्र त्यांनी बारकाईने वाचलेला असतो. या प्रकल्पाचे निम्मे गुण एखाद्या शाळेच्या, ग्रंथालयाच्या अथवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसून तयार केलेल्या गरजांच्या टिपणाला ठेवावेत, ते टिपण मराठीत असावे, आणि त्यावर ते काम रोज करणाऱ्याची सही असावी. तशी टिपणे मुक्त प्रणालीच्या कर्त्यांकडे पाठवण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही. विद्यार्थ्यांनी कार्यालयात जाण्याचा काळ मात्र त्या कार्यालयालाच विचारून ठरवावा लागेल. जून-जुलैत प्रवेशांची गर्दी, मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा आणि आर्थिक वर्षाची अखेर. लिपिकाला मान वर करायला सवड मिळते ती दिवाळीच्या सुटीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत.