नवी खुर्ची, नवी बटणे



आमची भाची तलाठी म्हणून लोहारा तालुक्यातील एका सज्ज्यावर रुजू झाली. घरात सरकारी खुर्चीवर बसणारी ती पहिलीच. तिच्या आईने उभा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपण केले, म्हणून पेढे सबंध वस्तीत वाटले. पंधरा दिवसांनी मात्र फोन आला. "मामा, लोक दारात उभे असतात आन् माझी बोटं चालत नाहीत. कुणाला विचारावं तर हसतील."

आम्ही एसटी धरून लोहाऱ्याला गेलो. तारुण्यात मराठी टंकलेखनाची तीस शब्दांची परीक्षा पास झालो होतो, त्या जोरावर! लोहारा हा तालुका 1999 सालचा. त्याआधी, 1993 च्या भूकंपात सास्तूर भाग उद्ध्वस्त झाला तेव्हा, इकडची माणसे कागदासाठी उमरग्याला खेपा घालीत. आता तालुक्याचे गाव जवळ आले, पण कागद संगणकात गेला.

भाचीने एमएससीआयटी केलेली. पण मोबाईलवर इंग्रजी अक्षरे दाबून मराठी लिहिण्याची सवय आणि इथे इन्स्क्रिप्टचा कीबोर्ड. आम्ही ऐटीत बसलो आणि 'किल्लारी' लिहायला घेतले. यंत्रावरच्या सवयीने आधी वेलांटी दाबली, तर पडद्यावर ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ लोंबकळू लागले. जुन्या यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर मागून. संगणकाला बोलल्याप्रमाणे हवे, आधी 'क', मग वेलांटी. रफाराचेही तसेच. 'कार्यालय' लिहिताना 'र', मग हलन्त, मग 'य'. आमची फजिती पाहून भाची पोट धरून हसली. तिची भीती, आम्हाला वाटते, तिथेच निम्मी गेली.

तशी मांडणी सोपी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. 'क'च्याच बटणावर शिफ्ट धरली की 'ख', 'ग'च्या बटणावर 'घ'. आम्ही तिला सांगितले, रोज सकाळी लोक येण्यापूर्वी अर्धा तास गावच्या खातेदारांची नावे लिहीत जा. (जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये धाराशिव झाले, जुन्या कागदांवर उस्मानाबाद आहे, तेव्हा दोन्ही लिहिता आली पाहिजेत.)

दुसऱ्या दिवशी एक आजी आल्या. वीस-बावीस गुंठ्यांच्या त्यांच्या सातबाऱ्यावर कुणीतरी पूर्वी नोंद करताना नावातला उकार एक अक्षर आधी टाकलेला. आधारवरचे नाव जुळेना, म्हणून पीककर्ज अडले. आता महसूल कायद्याच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज, पुरावे, पुन्हा खेपा. प्रत्येक खेपेला एक रोज बुडणार. 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो खरा, पण चुकलेल्या नावाखालीही सही तितकीच पक्की असते. आजी म्हणाल्या, "म्या तर नाव नीट सांगितलं होतं की, बाई. मला वाचता येत न्हाई, मला काय कळतंय त्यांनी काय लिव्हलं?"

तेव्हापासून भाचीने स्वतःपुरता एक रिवाज पाडला आहे. फेरफार भरला की पुढे पाठवण्यापूर्वी पडद्यावरचे नाव ती समोरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवते आणि "बरोबर हाय का?" म्हणून विचारते. मग नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. एकदा सातबाऱ्यावर उतरलेले अक्षर खोडरबराने निघत नाही. आपल्यापैकी कुणी वारसनोंदीला गेले, तर हे वाचून मागायला संकोच करू नये. साहेब घाईत असले तरी मागावे.

परवा तिचा फोन आला. आता पाच-सहा ओळी बटणांकडे न बघता लिहिते म्हणाली. आम्हीही नातवाच्या संगणकावर सराव धरला आहे. 'ज्ञ' काही केल्या सापडत नव्हता. शिफ्ट धरून पाचचा आकडा दाबायचा, हे तिनेच सांगितले आणि आम्ही ते वहीत टिपून ठेवले.