आधी फट, मग टायमिंग
जुनी बुलेट किक उलटी मारायला लागली की लोक आधी कार्बुरेटर उघडतात. उघडायला हवेत सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट. बिडाच्या इंजिनाच्या ३५० सीसी बुलेटला पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागते. अ‍ॅडव्हान्सची वजनं मिटलेली असताना, पिस्टन वरच्या टोकापासून सुमारे ०.८ मिलिमीटर खाली असतानाच ठिणगी पडायला हवी. फट आधी, टायमिंग नंतर, हा क्रम मोडू नये. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे सरकतं आणि किक उलटी बसते. पॉइंटची टाच झिजली की उलट होतं: ठिणगीला उशीर, ओढ कमी, इंजिन तापतं. तपासणी सोपी आहे. प्लग काढा, गाडी टॉप गिअरला टाका, मागचं चाक हाताने फिरवा. पॉइंटमध्ये धरलेला सिगारेटचा कागद सुटतो, तीच ठिणगीची वेळ. पिस्टन मात्र खालून वर आणतच मोजा, नाहीतर गिअरमधला ढिलेपणा माप बिघडवतो. कानाने टायमिंग लावणाऱ्या जुन्या मिस्त्रींबद्दल मला फार आदर आहे, तरीही पुढच्या सर्व्हिसिंगला त्यांना पॉइंटमध्ये फिलर गेज घालायला आवर्जून सांगा.